बर्बेराचं बंदर आणि वाढवणचा वाद

‘सोमालीलँडला जगात कुणी देश मानत नाही, तरी तिथे दुबईवाले बंदर बांधतात. आणि आपण वाढवणला मोर्चे काढतोय!’ बोईसरच्या मामेभावाने हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी दुबईत, जेबेल अलीला मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. सोमालीलँडच्या बर्बेरा बंदराला जाणारे कंटेनर आमच्या रोजच्या कामातले. आणि वाढवण म्हणजे डहाणूजवळ होऊ घातलेलं बंदर, ज्याला तिथले मच्छीमार विरोध करतायत. तेव्हा थोडं सविस्तर लिहायला हवं.

सोमालीलँड हा आफ्रिकेच्या पूर्व टोकाला, एडनच्या आखातावरचा प्रदेश, मूळची ब्रिटिश वसाहत. 1898 पर्यंत तिचा कारभार एडनमार्गे हिंदुस्थान सरकार पाहायचं, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. 26 जून 1960 ला हा प्रदेश स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांत शेजारच्या इटालियन सोमालियात विलीन झाला. हा संसार टिकला नाही. 1988 मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बरे याच्या विमानांनी हर्गेसा, म्हणजे आजची सोमालीलँडची राजधानी, बेचिराख केली, आणि 1991 च्या मे महिन्यात सोमालीलँडने फारकत जाहीर केली. आता त्यांचं स्वतःचं चलन आहे, स्वतःचे पोलीस आहेत, निवडणुका होतात. 2024 च्या निवडणुकीत विरोधी पक्ष जिंकला आणि सत्ताधाऱ्यांनी मुकाट्याने खुर्ची सोडली. डिसेंबर 2025 मध्ये इस्रायलने मान्यता दिली, पण संयुक्त राष्ट्रांत हे राष्ट्र अजून नाही.

नाही म्हणजे काय, ते कागद बनवताना कळतं. बंदरांच्या जागतिक यादीत बर्बेराचा कोड आहे ‘एसओ बीबीओ’. त्यातलं ‘एसओ’ म्हणजे सोमालिया. बंदरावर झेंडा हर्गेसाचा, पण आमच्या संगणकात देश मोगादिशूचा, म्हणजे सोमालियाच्या राजधानीचा. तिथल्या व्यापाऱ्याला लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल विकणाऱ्याला पैसे मिळतील याची बँकेची हमी, हवं असेल तर बँका हात आखडतात, मग तो दुबईतल्या कुणा नातेवाइकाच्या कंपनीच्या नावाने पैसे भरतो किंवा सगळी रक्कम आगाऊ देतो. विमेवाला वर आणखी काही लावतोच. हा सगळा खर्च शेवटी हर्गेसातल्या तांदळाच्या पोत्यावर चढतो. मान्यता नसण्याचा हा कर आहे, आणि तो गरिबातला गरीबही भरतो.

एवढं असूनही बंदर झालं, हे मामेभावाचं म्हणणं खरं आहे. 2016 मध्ये डीपी वर्ल्ड या दुबईच्या सरकारी बंदर कंपनीने 30 वर्षांचा करार केला, 44 कोटी 20 लाख डॉलरचा. 2018 मध्ये वाटे ठरले ते असे: कंपनी 51 टक्के, सोमालीलँड 30, आणि स्वतःचा समुद्रकिनारा नसलेला शेजारी इथिओपिया 19. त्याच वर्षी सोमालियाच्या संसदेने कंपनीवर बंदी घातली. काम थांबलं नाही. कारण बंदरावर ताबा हर्गेसाचा होता, मोगादिशूचा नव्हे. 2021 मध्ये 400 मीटर धक्क्याचं नवं टर्मिनल सुरू झालं आणि वर्षाची क्षमता दीड लाख कंटेनरवरून पाच लाखांवर गेली. हजच्या दिवसांत सौदीला शेळ्या-मेंढ्या पाठवण्यावर जगणाऱ्या प्रदेशासाठी ही झेप लहान नाही.

आता दुसरी बाजू. सोमालीलँडला जागतिक बँकेकडून किंवा नाणेनिधीकडून सरकार म्हणून कर्ज मिळत नाही. मग पैसा घेऊन येणारा जो एक असेल, त्याच्याच अटी चालतात; गावात एकच आडत्या असला की भाव तोच ठरवतो. बंदरापाठोपाठ 2017 मध्ये सोमालीलँडच्या संसदेने अमिरातीच्या लष्करी तळालाही मंजुरी दिली. पुढे तिथे लष्कराऐवजी नागरी विमानतळ करायचं ठरलं, ते वेगळं. इथिओपियाने अटी पाळल्या नाहीत म्हणून त्याचे 19 टक्के 2022 मध्ये गेले. ज्याच्या मालावर सगळा हिशोब मांडला, तो देश आजही बहुतेक आयात-निर्यात शेजारच्या जिबूती या देशाच्या बंदरातूनच करतो. यातलं काही बिनसलं तर सोमालीलँडने दाद मागायची कुठे?

ग्रुपवर हा प्रश्न कुणी विचारला नाही. वाढवणच्या मच्छीमारांकडे कोर्ट आहे, जनसुनावणी आहे, पर्यावरणाची परवानगी वाचून तिला आव्हान देता येतं. गंमत म्हणजे 1998 मध्ये वाढवणला बंदर बांधायला आलेली कंपनी होती पी अँड ओ, मूळची ब्रिटिश जहाज कंपनी. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने तिला परत पाठवलं. तीच पी अँड ओ 2006 मध्ये डीपी वर्ल्डने विकत घेतली. म्हणजे बर्बेरा चालवणाऱ्या कंपनीच्या पूर्वसूरीला आपण ‘नको’ म्हणालो होतो, आणि म्हणून महाराष्ट्राचं काही बुडालं नाही. त्याच पी अँड ओने 1997 मध्ये न्हावा शेवाला देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल घेतलं, तेही 30 वर्षांसाठीच. पण तिथे जमीन सरकारी बंदराची होती आणि दर ठरवायला केंद्राचं प्राधिकरण होतं.

मी बंदरांवरच पोट भरतो, तेव्हा वाढवण होऊच नये असं मी म्हणणार नाही. 76 हजार कोटींचा प्रकल्प आहे, 74 टक्के वाटा जेएनपीएचा, म्हणजे न्हावा शेवाच्या सरकारी बंदर प्राधिकरणाचा, 26 टक्के महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा. पण बर्बेराचं नाव घेऊन डहाणूच्या कोळ्यांना गप्प करणं उफराटं आहे. हर्गेसाला घासाघीस करायची सोय नव्हती, आपल्याला आहे.

आणि घासाघीस करायची वेळही आली आहे. न्हावा शेवाच्या त्या पहिल्या कराराची 30 वर्षं 2027 मध्ये भरतात. पुढच्या अटी काय, महसुलात वाटा किती, जुन्या कामगारांचं काय, यावर घरच्या ग्रुपवर अजून एकही संदेश आलेला नाही.