क्रॉफर्ड स्ट्रीटखालचा पूल

मागच्या आठवड्यात फोनवर धाकट्या चुलतभावाशी माझं चांगलंच वाजलं. विषय नेहमीचा: पुण्यातला बालभारती ते पौड फाटा रस्ता. वेताळ टेकडीच्या अंगावरून जाणारा हा साधारण दोन किलोमीटरचा रस्ता झाला की लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी सुटेल, असं तो म्हणतो. मी टेकडीच्या बाजूची. शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, तू टोरांटोत बसून टेकडीबद्दल बोलतेस. तुमच्याकडे फुटपाथ आहेत, मेट्रो आहे. मी रोज त्या रस्त्यावर अर्धा तास क्लच दाबत बसतो."

त्याचा त्रास खरा आहे. पण 'तुमच्याकडे आहे' या शब्दांपाशी मी अडले, कारण इथे आल्यावर अकरा वर्षं मीही गाडीतच होते.

दोन वर्षांपूर्वी ऑफिस बदललं. विमा, पार्किंग, हिवाळ्याचे वेगळे टायर, सगळ्याचा हिशेब मांडला आणि गाडी विकून टाकली. पहिला महिना जड गेला. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढीच डाळ, तेवढंच दूध. फेब्रुवारीत उणे पंधरा अंशांत ट्रामची वाट बघताना डोळ्यांतून पाणी यायचं. पण त्याच हिवाळ्यात मला माझी वस्ती दिसायला लागली.

घराजवळ ट्रिनिटी बेलवुड्स नावाची बाग आहे. तिच्या कडेने क्रॉफर्ड स्ट्रीट जातो. या रस्त्यावरून मी गाडीने हजारदा तरी गेले असेन. एकदा चालताना जाणवलं, की बागेत मधेच एवढा मोठा खोलगट भाग आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला हा रस्ता मात्र सरळ सपाट कसा? शेजारच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "तू पुलावर उभी आहेस." खरंच, त्या डांबराखाली १९१५च्या सुमाराचा तीन कमानींचा काँक्रीटचा पूल आहे. खालून गॅरिसन क्रीक नावाचा ओढा वाहायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो गटारात घातला आणि १९६०च्या दशकात भुयारी रेल्वेच्या खोदकामाची माती टाकून दरी भरली. पूल तिथेच, मातीत उभा. ओढ्याच्या जुन्या वाटेवरची काही घरं आजही एका बाजूला कललेली आहेत. आता मी त्या घरांचे उंबरठे बघत चालते.

तेच आजोबा नोव्हेंबरात अंगणातल्या अंजिराच्या फांद्या सुतळीने बांधतात, झाड हळूहळू वाकवून आडवं करतात आणि वर माती लोटतात. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा उभं करतात. इटलीतून येताना आणलेल्या काडीचं झाड आहे ते. मी त्यांना आमच्या सासवडच्या अंजिरांबद्दल सांगितलं, तर पहिला प्रश्न, "तिथे पुरावं लागत नाही?" ऑगस्टमध्ये चार अंजिरं कागदात गुंडाळून माझ्या दाराशी ठेवून गेले. आमची घरं एकाच गल्लीत. अकरा वर्षांत मला त्यांचा चेहराही माहीत नव्हता.

आता भावाचा मुद्दा. इथले फुटपाथ आभाळातून पडलेले नाहीत. माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर स्पॅडायना अ‍ॅव्हेन्यू आहे. उत्तरेकडून थेट या भागात द्रुतगती मार्ग आणायचं ठरलं होतं, काम सुरूही झालं होतं. वस्त्यांमधले लोक उठले. न्यूयॉर्कहून १९६८ मध्ये इथे राहायला आलेल्या, शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज त्यांच्यात होत्या. जून १९७१ मध्ये ऑन्टारिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बिल डेव्हिस यांनी तो प्रकल्प थांबवला. वाहतूक व्यवस्था मोटारींसाठी उभारायची की माणसांसाठी, हा प्रश्न त्यांनी विधिमंडळात मांडला होता. झालेला तुकडा अ‍ॅलन रोड म्हणून एग्लिंटन रस्त्याला येऊन संपतो. स्पॅडायनावर आज चायनाटाउन आहे, भाजीची दुकानं आहेत, मधून ट्राम जाते. आणि शहराच्या उत्तरेला ४०१ महामार्ग रुंद करत करत काही ठिकाणी अठरा लेनचा झाला, तरी तिथे रोज गाड्या तुंबतात. आणखी एक रस्ता झाला की कोंडी सुटेल, या हिशेबावर माझा विश्वास उडाला तो तिथे अडकून.

हे शहर मी आदर्श म्हणून मिरवत नाही. शहराच्या पूर्वेला स्कारबरोत सहा लेनचा रस्ता ओलांडताना अजूनही माझा जीव मुठीत असतो. २०२४ मध्ये तर प्रांताच्या सरकारने ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढायचा कायदा केला. म्हणजे भांडण इथेही संपलेलं नाही.

आणि पुण्याकडे काही नाही, असं का धरून चालायचं? महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. पेठांमधले रस्ते तर पायी चालणाऱ्यांच्याच मापाचे आहेत. ओढे बुजवले की काय होतं, हे पुण्याला टोरांटोने शिकवायची गरज नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र कुणी विसरलेलं नाही.

ज्या रस्त्यावर भाऊ क्लच दाबत बसतो, तोच रस्ता त्याची आई, माझी काकू, औषधं आणायला ओलांडते. मागच्या वेळी मी तिच्याबरोबर होते. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या, म्हणून आम्ही कडेने रस्त्यातूनच चाललो. ओलांडताना तिने एका हाताने माझा दंड धरला, दुसरा हात उंच करून गाड्यांना दाखवला आणि "थांबा रे बाळांनो, थांबा" म्हणत निघाली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. त्या हाताचा विचार कुठल्या आराखड्यात आहे, एवढंच मला भावाला विचारायचं होतं. फोनवर आवाज चढला आणि ते राहिलंच.

काल पुन्हा फोन केला. डिसेंबरात येते आहे. म्हटलं, एक दिवस गाडी घरी ठेव आणि बालभारतीपासून टेकडीवरून पौड फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत ये, नंतर हवं तेवढं भांड. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सहाला निघू. आईलाही विचारतो, पायथ्यापर्यंत तरी येईल."