कुरुंदवाड : पाणी नसतं तेव्हाचं गाव

जुलै उजाडला की पुण्याचे पाहुणे फोन करतात. कशी आहेस, पोरं कशी आहेत, काही नाही. पहिला प्रश्न, "पाणी किती आलंय?" जणू आम्ही गावात राहत नाही, धरणावर नोकरीला आहोत!

तसं आमचंही चुकतंच. त्या दिवसांत इथं कुणालाही हटका, तो आकड्यांतच बोलतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, कोयनेतून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून किती जातंय. पानपट्टीवर उभा असलेला प्रत्येक माणूस पाटबंधारे खात्याचा निवृत्त अभियंता असतो. आलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायची म्हणतात, त्यावर तर आमच्या कट्ट्यावर दोन मित्रांनी आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुरुंदवाड शिरोळ तालुक्यात. पंचगंगा इथंच कृष्णेला मिळते. पलीकडं नरसोबाची वाडी, अलीकडं आम्ही. कृष्णा भरून वाहायला लागली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, जागच्या जागी फुगतं. त्यामुळं आमच्याकडं पाणी धावत येत नाही, चोरपावलांनी चढतं. रात्री झोपताना घाटाच्या अमुक पायरीला असतं, पहाटे बघावं तर ती पायरी गायब. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की लोक स्नानाला पळतात आणि आमची आई माळ्यावर शिडी लावते. एकच पाणी, तिकडं पर्वणी आणि इकडं धान्याची पोती वर.

2005, 2019, 2021. आमच्या सोप्याच्या भिंतीवर तिन्ही पुरांचे डाग आहेत. दोनदा रंग दिला, डाग परत वर आले. 2019 ला पाणी उतरल्यावर परत आलो तर पुढचं सागवानी दार फुगून चौकटीत गच्च बसलेलं. चौघांनी खांदा लावून उघडलं. मी म्हटलं, रंधा मारून घेऊया. सुतारमामांनी दारावर दोनदा टिचकी वाजवली. "आत्ता मारू नको बाई. दिवाळीपर्यंत वाळू दे. आत्ता तासलंस तर वाळल्यावर फट पडंल, साप येतील आत." दिवाळीपर्यंत दार आपोआप बसलं. 2021 ला परत फुगलं. राजाराम बंधाऱ्यावर तेव्हा 56 फुटांच्या वर पाणी गेलं होतं. परत चौघं, परत खांदा.

एवढं सोसूनही मला पुराचा राग येत नाही, हे लिहिलं की लोकांना पटत नाही. नुकसान झालं, गाळ उपसताना रडलेय, पंचनाम्याच्या कागदासाठी खेटे घातलेत. पण पूर येतो आणि जातो. मागं मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, गाळ टाकून जातो आणि त्या मळीतली काटेरी वांगी थंडीत खाल्ली की शहरातलं वांगं तोंडात घालवत नाही. पुराची मोजदाद होते, मदत येते, कॅमेरे येतात. नको तितके येतात.

माझी तक्रार उन्हाळ्याबद्दल आहे.

फेब्रुवारी संपता संपता पंचगंगेचं पाणी थांबतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. प्रयाग चिखलीपासून आमच्यापर्यंत ऐंशी-एक किलोमीटर, आणि एवढ्याशा वाटेत तिच्यात काय काय येऊन पडतं! कोल्हापुरातले नाले, इचलकरंजीच्या कापडावरच्या रंगाचं पाणी, काठच्या गावांचं सांडपाणी, उसाला टाकलेल्या खताचा निचरा. सगळ्यात शेवटी आम्ही. वरच्यांनी वापरून टाकलेलं आमच्या दारात येऊन थांबतं. जवळच्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, इतकं दाटतं की बगळे त्यावरून चालत जातात. मग एखाद्या सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात. वास गावात यायला वेळ लागत नाही. तेव्हा एकाही पाहुण्याचा फोन येत नाही.

वडील चाळीस वर्षं पहाटे घाटावर जातात. आधी बुडी मारायचे, तांब्या भरून घरी आणायचे. मग बुडी बंद झाली, नुसते पाय धुवायचे. आता मार्च-एप्रिलमध्ये वरच्या पायरीवरूनच हात जोडतात. त्यांना कुणी जाऊ नका म्हटलेलं नाही. त्यांनी स्वतःच एकेक पायरी सोडली.

आता गावाबद्दल, नाहीतर म्हणाल नदीतच अडकली. पटवर्धनांचं संस्थान होतं हे, थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या, 1948 ला विलीन झालं. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे. एवढा मोठा सेनापती, पण वाडीला आलेल्या शंभरातले चारजणसुद्धा पूल ओलांडून तिथं येत नाहीत. बासुंदी मात्र नेतात. नेवोत बापडे, बासुंदी आहेच तशी.

आणि ते मशिदीतले गणपती. पाच मशिदींत गणपती बसतो आमच्याकडं, त्यामुळं दर भाद्रपदात कुणीतरी माईक घेऊन येतं. 2018 ते 2020 सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव जोडून आले, तेव्हा तर विचारू नका. एकदा एका पोरानं आमच्या गल्लीतल्या चाचांना ऐक्याचा संदेश मागितला. चाचा म्हणाले, "पावसाचे दिवस असतात, आत कोरडं राहतं." पोरगं पुढच्या वाक्याची वाट बघत उभं, चाचा आरतीचं ताट पुसायला लागले. मला वाटतं त्या चॅनेलनं हे दाखवलं नसणार.

2019 च्या ऑगस्टात गाव रिकामं केलं होतं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गणपती होते. भिंती ओल्या, वीज येऊन-जाऊन, आणि पोरं वर्गणीची वही घेऊन दारात! त्या वर्षी मला पहिल्यांदा वर्गणी द्यावीशी वाटली.

"गाव उठवून उंचावर बसवा" असं दर पुरानंतर कुणीतरी लिहितं. बसवा की. पण खालची नदी तशीच ठेवून आम्हाला वर नेणार असाल तर आम्ही तिथं बसून काय बघायचं, केंदाळ? काठावरची क्षारपड झालेली रानं? ज्या दिवशी एप्रिलमध्ये पंचगंगेत उतरून वडिलांना तांब्या भरता येईल, त्या दिवशी स्थलांतरावर बोलू. तोवर दार फुगू दे. चौघं आहेत अजून खांदा लावायला.

यायचं असेल तर जरूर या. डिसेंबरात आलात तर वांगी देते, भरताची. पण पुराचे फोटो आमच्याकडं ढीगभर आहेत, नवे नकोत. काढायचाच असेल तर मार्चमध्ये या आणि तेरवाडच्या बंधाऱ्याचा काढा. रुमाल आणा सोबत.