ॲसिड त्यांचं पातळ, मार्क माझे गेले

आज बीएस्सी सेकंड इयरचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं. साडेसहाला एसटीतून उतरले, आईने ताट वाढलं, ते तसंच पडलंय. घास उतरत नाहीये.

टायट्रेशन आलं होतं, पोटॅशियम पर्मँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं. म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती मिली लागलं ते मोजायचं. चिठ्ठी उघडली तेव्हा हायसं वाटलं होतं, कारण हा प्रयोग मी झोपेतून उठवलं तरी करीन. ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक, १० मिली पिपेटने फ्लास्कमध्ये घ्यायचं. त्यात एक टेस्टट्यूब डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड. ६०-७० डिग्रीपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीतून, पर्मँगनेट. पहिले एक-दोन थेंब रेंगाळतात. मग मँगनीजचे आयन तयार झाले की तेच पुढची रिॲक्शन पळवतात आणि रंग पडता पडता उडून जातो. शेवटी एका थेंबाला फिकट गुलाबी येतो आणि राहतो. आमच्या गावात पावसाळ्यात विहिरीत पर्मँगनेटचीच जांभळी पूड टाकतात, तो रंग मी लहानपणापासून ओळखते.

माझ्या फ्लास्कमध्ये गुलाबी आलाच नाही. चार मिलीनंतर तळाशी तपकिरी धूर फिरल्यासारखं दिसलं आणि बघता बघता सगळं द्रावण गढूळ झालं, गाळ न काढलेल्या चहासारखं. पायलट रीडिंग, म्हणजे अंदाजासाठीचं पहिलं, वाया गेलं म्हणून पुन्हा घेतलं. फ्लास्क घासून घेतला, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळला, जपून तापवला. पुन्हा तपकिरी. एंड पॉइंट, म्हणजे थांबायची जागा, धरायचा कुठे? अंदाजाने थांबले तर रीडिंग ११.९, पुढचं १३.२. शेजारी बघितलं तर मागच्या टेबलावरच्या आम्हा आठही जणांच्या फ्लास्कमध्ये तोच चहा. आणि पुढच्या टेबलावर? सगळीकडे छान गुलाबी.

मग लक्षात आलं. आमच्या टेबलावरची सल्फ्युरिकची बाटली वेगळी होती. सकाळच्या बॅचने ती संपवली होती, आणि बॅच बदलताना ती नळाखाली धरून भरलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. तेव्हा वाटलं, धूत असतील.

दोन पर्मँगनेटमागे सोळा हायड्रोजन आयन लागतात. दहा ऑक्झॅलिक स्वतः देतं, उरलेले सहा सल्फ्युरिकने द्यायचे असतात. ते मिळाले नाहीत की पर्मँगनेटचं मँगनीजच्या आयनांपर्यंत पूर्ण रूपांतर होत नाही, मध्येच मँगनीज डायऑक्साइड होऊन बसतं, आणि तोच तो तपकिरी गाळ. पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतं म्हणून पर्मँगनेट जास्त लागतं, म्हणून रीडिंग चढतं. हे सगळं आमच्याच पुस्तकात आहे, आमच्याच सरांनी फळ्यावर लिहून दिलंय. रीडिंग का चुकतंय ते मला कळलं होतं. प्रॅक्टिकल कशासाठी घेतात मग?

मी काय केलं ते सांगते. रिकामी टेस्टट्यूब घेतली, पुढच्या टेबलावर गेले, त्यांच्या बाटलीतलं ॲसिड घेतलं, परत येऊन तेच ऑक्झॅलिक, तेच पर्मँगनेट, तोच फ्लास्क. १०.१ ला गुलाबी आला. इतका स्वच्छ की माझ्या बाजूचा मुलगा "आलं, आलं" म्हणून ओरडला. बाकी काहीही न बदलता फक्त ॲसिड बदललं आणि उत्तर बदललं. याहून सरळ पुरावा कुठला असतो?

तेवढ्यात सुपरवायझर मॅडम आल्या. "तू त्या टेबलावर कशाला गेली होतीस?" मी सांगायला लागले, मॅडम, आमच्या बाटलीतलं ॲसिड... "ते मला नको सांगू. जागा सोडायची नाही हे सांगितलं होतं ना?" आणि १०.१ वर लाल पेनने आडवी रेघ. माझ्या देखत. एकुलतं एक खरं रीडिंग होतं ते!

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल सर, बाहेरचे परीक्षक. पहिला प्रश्न, सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक का चालत नाही? सांगितलं, पर्मँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करतं, क्लोरीन सुटतो, रीडिंग चुकतं. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडायझिंग एजंट आहे. ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेला का घेतलंस? रंग गडद असतो सर, द्रावणाची खालची बाकदार कडा, मेनिस्कस, दिसत नाही. मान डोलवली त्यांनी. मग पेपर बघितला. "कॉन्स्टंट रीडिंग कुठाय?" म्हणजे प्रत्येक वेळी सारखंच आलेलं. म्हटलं सर, ॲसिड पातळ होतं, कमी ॲसिडमध्ये मँगनीज डायऑक्साइड... "कारणं देऊ नकोस. बाकीच्यांना कशी आली?"

बाकीच्यांना कशी आली! माझ्याच टेबलावरच्या दोघांनी लिहिलंय ९.८, ९.८, ९.८. त्यांच्या फ्लास्कमध्येही चहाच होता, मी बघितलाय. उत्तर साधारण किती यायला हवं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावरून उलटं गणित करून रीडिंग पाडायची. त्यांना पूर्ण मार्क. त्यांच्यावर राग नाही माझा, खरंच नाही, त्यांना घरी निकाल दाखवायचाय. राग याचा आहे की अकरावीपासून आम्हाला हेच शिकवलंय. अकरावीला मी एकदा ब्युरेटमध्ये दिसलं ते १०.३ लिहिलं, तर सर म्हणाले, "बाळ, १०.० कर, जर्नल चेक करताना प्रश्न नकोत." तेव्हा गप्प बसून खाडाखोड केली होती. त्याची आजही लाज वाटते.

आणि जर्नलचं तर बोलूच नका. समासाची रेघ निळ्या पेनने मारली म्हणून चौदा पानं पुन्हा लिहायला लावली होती. रात्री दोनपर्यंत लिहिली. त्या जर्नलमध्ये दहा प्रयोग सर्टिफाय झालेत, प्रत्यक्षात हाताने केलेत पाच. बाकीचे सिनिअरच्या जर्नलवरून उतरवून काढले, कारण कधी गॅस संपलेला, कधी केमिकल आलेलं नाही, कधी सर इलेक्शन ड्यूटीवर. आमच्या लॅबमध्ये सहा ब्युरेट धड आहेत, बाकीच्यांचे स्टॉपकॉक, म्हणजे तोट्या, गळतात, चिंधी बांधून वापरतो. गेल्या वर्षी माझ्या हातून पिपेटचं टोक उडालं तेव्हा ब्रेकेजचे पैसे त्याच दिवशी भरून घेतले, पावतीसकट. लॅबोरेटरी फी दर वर्षी वेगळी भरतो. मग ती फी ॲसिडच्या बाटलीपर्यंत का पोचत नाही?

लॅबमधल्या मामांना, म्हणजे लॅब अटेंडंटना, कुणी बोलायला लागलं तर मी ऐकून घेणार नाही. तीन लॅबना मिळून ते एकटे आहेत. दुसरी जागा रिकामी आहे, आम्ही आलो तेव्हापासून. परीक्षेच्या दिवशी दोन बॅचच्या मध्ये अर्धा तास, त्यात सगळी काचेची भांडी धुवायची, बाटल्या भरायच्या, सरांचा चहाही आणायचा. त्यांनी नळाखाली बाटली धरली असेल तर स्टोअरमध्ये ॲसिड होतं का, ते डायल्यूट करून ठेवायची जबाबदारी कुणाची होती, हे विचारा. परीक्षेआधी कुठल्या शिक्षकाने एक तरी टायट्रेशन स्वतः करून बघितलं का, ते विचारा. पंधरा मिनिटांचं काम आहे. पर्मँगनेटने टायट्रेशन करायची पद्धत १८४६ सालची आहे. पावणेदोनशे वर्षं जुना प्रयोग एका टेबलावर नीट मांडता येत नाही यांना, आणि नापास होणार आम्ही.

शेवटी फ्लास्क धुवायला गेले तर तपकिरी डाग निघेना. नखाने खरवडला, ब्रशने घासला. मग पुढच्या टेबलावरचं थोडं ॲसिड मागून घेतलं, उरलेलं ऑक्झॅलिक टाकलं, जरा कोमट केलं, आणि डाग क्षणात विरघळला, काच लख्ख. तिथेच रडू आलं मला. सगळं बरोबर चालत होतं, फक्त ॲसिड हवं होतं.

बाबा म्हणतात सोडून दे, पुढच्या सेमिस्टरला भरून काढ, एक्स्टर्नलशी वाकडं घेऊ नकोस. आई काहीच म्हणत नाही, ताट झाकून ठेवलंय तिने. पण मी अर्ज लिहिलाय. तिन्ही रीडिंग, खोडलेलं १०.१ पण, कुठल्या टेबलावरच्या कुठल्या बाटलीतून किती ॲसिड घेतलं, सगळं. मागच्या टेबलावरच्या पाच जणांनी सही करतो म्हणून कळवलंय. ९.८ वाल्यांपैकी एकाचा आत्ताच फोन आला, तोही करणार आहे. उद्या दहाला ऑफिस उघडतं. पोच घेतल्याशिवाय मी खिडकीसमोरून हलणार नाही.