घानाची तिकिटं नुसती शोभेची नाहीत

"आफ्रिकी देशांची टपाल तिकिटं परदेशी संग्राहकांच्या पैशांवर डोळा ठेवून छापलेली. त्यांत इतिहास शोधू नका," अशा अर्थाचा मजकूर तिकीटप्रेमींमध्ये फिरतोय. घानापुरता तरी तो साफ चुकीचा आहे.

पहिलं म्हणणं, ही तिकिटं देशातल्या लोकांसाठी नव्हतीच. न्यूयॉर्कच्या एजन्सीमार्फत ती संग्राहकांना विकली जात, हे खरं. पण ६ मार्च १९५७ ला, स्वातंत्र्याच्या दिवशीच निघालेला संच बघा. आफ्रिकेचा नकाशा, गिधाड आणि ब्रिटनच्या राणीच्या जागी घानाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा! राष्ट्रप्रमुख तेव्हाही राणीच होती. प्रजासत्ताक व्हायला १९६० उजाडलं. नाण्यांवरूनही राणी का हटवतोय, हे एन्क्रुमांनी १९५७ मध्येच लंडनच्या एका दैनिकात लिहिलं. आपल्या अनेक लोकांना लिहिता-वाचता येत नाही, आपण खरोखर स्वतंत्र झालो हे त्यांना खुणांमधूनच दाखवावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. तिकिटालाही हेच लागू होतं. घरोघरी पोचणाऱ्या पाकिटावर नवा चेहरा दिसणं ही केवढी मोठी गोष्ट होती!

दुसरं म्हणणं, तिकिटांत फक्त 'जुनं गेलं, नवं आलं' एवढंच दिसतं. उलट, सगळा गुंता तिथेच दिसतो. गोल्ड कोस्टची, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या घानाची, राणीच्या चेहऱ्याची जुनी तिकिटं फेकली नाहीत, त्यांच्यावरच 'घाना' आणि स्वातंत्र्याची तारीख छापून ती वापरली. एकाच कागदावर दोन राजवटी. नोव्हेंबर १९६१ मध्ये राणी घानाला आली तेव्हा ती पुन्हा तिकिटावर झळकली, आणि तीनच महिन्यांनी काँगोचे हत्या झालेले पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचं तिकीट निघालं. राष्ट्रकुलही हवं आणि आफ्रिकेची एकजूटही, ही एन्क्रुमांची ओढाताण मला इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसली.

राहिला तिसरा मुद्दा, की हा सरकारी प्रचार आहे, पुरावा नव्हे. प्रचार तर आहेच. एन्क्रुमांच्या वाढदिवशी, २१ सप्टेंबरला, 'संस्थापक दिना'ची तिकिटं निघत. २४ फेब्रुवारी १९६६ ला ते परदेशात असताना लष्कर आणि पोलिसांनी त्यांची सत्ता उलथवली. पुढच्या वर्षी त्याच टपाल खात्याने त्या उठावाचा पहिला वर्धापनदिन 'क्रांती' म्हणून साजरा करणारा संच काढला. घटना कशी घडली हे त्या तिकिटावरून कळणार नाही, पण नव्या राज्यकर्त्यांना ती लोकांच्या मनात कशी ठसवायची होती, हे नक्की कळतं.