अजिंठा-वेरूळ एका दिवसात उरकणाऱ्यांनो, निदान वार तरी बघा

सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. वर्षानुवर्षं हेच चालू आहे, फलकावर लिहिलेलं आहे, मोबाइलवर दोन सेकंदांत सापडतं. तरीही सोमवारी गाड्या अजिंठ्याच्या अलीकडे फर्दापूरच्या टी-पॉइंटवर येऊन थडकतात आणि आतली मंडळी हुज्जत घालतात, "अहो, आम्ही पुण्याहून आलोय!" पुण्याहून आलात म्हणून सोमवारचा मंगळवार होत नाही.

मग हीच गाडी वळते वेरूळकडे. तिथे सोमवार म्हणजे घृष्णेश्वराच्या दर्शनाचा दिवस, त्यात श्रावण असेल तर बघायलाच नको. संभाजीनगरहून वेरूळला जाणारा जुना रस्ता दौलताबादला किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून जातो. त्या कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. दोन्ही बाजूंनी लक्झरी बस समोरासमोर आल्या की सगळं ठप्प, मागे हॉर्नचं भजनी मंडळ. म्हणजे अजिंठ्याची सुट्टी, ज्योतिर्लिंगाची गर्दी आणि कमानीची कोंडी हे सगळं एकाच दिवशी, आणि नेमका तोच दिवस 'लाँग वीकेंडला जोडून' म्हणून निवडलेला. वा!

पण खरा संताप आहे तो दोन्ही लेणी एका दिवसात कोंबणाऱ्यांवर. यात टूरवाले आलेच, पण 'आपण आपलं फिरू' म्हणणारे शहाणेही आले. नकाशा उघडून बघा की जरा! संभाजीनगरपासून वेरूळ साधारण 30 किलोमीटर, वायव्येला. अजिंठा साधारण 100 किलोमीटर, ईशान्येला, फुलंब्री-सिल्लोड करत. दोन्ही वेगळ्या दिशांना. नऊला हॉटेलातून निघालात तर फर्दापूरला साडेअकरा. गाडी तिथेच लावायची, कारण खासगी वाहनं लेण्यांपर्यंत सोडत नाहीत. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. आधी तिकिटाची रांग, मग बसची रांग. वर पोचून पुन्हा लेण्यांचं तिकीट, मग पायऱ्या. पहिल्या लेण्याच्या दारात उभे राहता तेव्हा साडेबारा वाजलेले, डोक्यावर ऊन, आणि टूर मॅनेजर सांगतो, "दोनला खाली भेटा."

दीड तासात तीस लेणी. शाब्बास.

बरं, या दीड तासाचं होतं काय? सगळे बाप्ये-बाया-पोरं क्रमांक 1 मध्ये घुसतात, कारण ते पहिलं लागतं. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात, म्हणून बाहेर रांग. चपला काढायच्या, आत जायचं. बाहेरच्या भगभगीत उन्हातून आत आलं की दोन मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. डोळ्याची बाहुली चटकन मोठी होते, पण आतल्या पडद्याला अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ शांत उभं राहिलं की भिंत हळूहळू उघडू लागते: आधी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खांद्याची रेघ, मग मुकुट, मग मागची माणसं, माकडं, झाडं. पण पाच मिनिटं थांबतो कोण? दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी मोबाइलचा टॉर्च पेटवतो आणि लेण्यातल्या प्रत्येकाचे डोळे पुन्हा शून्यावर. वर त्या टॉर्चने दिसतं तरी काय? 1920 च्या सुमारास निजामाच्या काळात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं वार्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं आणि जिथे उरलंय तिथे चमकतं. समोरून उजेड मारलात की तोच उजेड तुमच्या तोंडावर. "काहीच दिसत नाही हो, सगळं उडालंय" असं म्हणत बाहेर पडणारा बहुतेक वेळा टॉर्चवालाच असतो.

फ्लॅशला बंदी का, हे रखवालदाराला दरडावून विचारणारेही भेटतात. ऐका मग. ही चित्रं दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर डिंकासारख्या चिकटद्रव्यात कालवलेले रंग. दीड हजार वर्षांचा मातीचा गिलावा! माणसांच्या श्वासाने, घामाने ओल वाढते, ओलीने कीड येते, कीड ते तूस खाते आणि पोपडा सुटतो. म्हणून माणसं मोजून सोडतात, म्हणून दिवे मंद. तुमची गंमत घालवायला नाही. आणि भिंतीला हात लावून "अरे, खरंच रंग आहे" म्हणणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली आपलं नाव खरवडून ठेवलं. दोनशे वर्षांनी आमचे बहाद्दर तोच कित्ता गिरवतात, फक्त सोबत बदाम काढतात.

या सगळ्यात क्रमांक 26 राहतंच. महापरिनिर्वाणाची ती आडवी, भिंतभर लांब बुद्धमूर्ती, खाली रडणारे शिष्य, आणि आमची माणसं सतराव्यापासून माघारी, कारण दोन वाजले! साधी गोष्ट आहे: नऊला उघडतं तेव्हा दारात असा, 1 आणि 2 सोडून थेट शेवटाला जा, 26 बघून उलटे या. 17 आणि 16 दुपारच्या जेवणाच्या वेळी गाठा, तेव्हा जरा रिकामी असतात. 1 आणि 2 सगळ्यात शेवटी. त्यासाठी आदल्या रात्री फर्दापूरला मुक्काम हवा. नाहीतर रेल्वेने जळगाव गाठा, तिथून साठेक किलोमीटर. पण नाही, सगळ्यांना संभाजीनगरच्या मॉलशेजारचं हॉटेल हवं. पायात लेसचे बूट घालून येऊ नका, प्रत्येक दारात वाकून बांधत बसाल. पावसाळ्यात मोज्यांची एक कोरडी जोडी ठेवा. पाणी खालूनच भरून न्या.

आता वेरूळ. तिथली तऱ्हा आणखी वाईट, कारण 'सात ठिकाणं एका दिवसात' या सहलीत दौलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, मकबरा, पाणचक्की वगैरे सगळं बसवायचं असतं. दौलताबादला तर लोक मेंढा तोफेपर्यंतही जात नाहीत. चांदमिनारासमोर फोटो, की बस सुरू. वेरूळला दरवाजातून आत गेलं की समोरच कैलास, क्रमांक 16. तो बघितला म्हणजे 'वेरूळ झालं'. अरे, चौतीस आहेत! आणि कैलास तरी बघितला का? दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, उत्तरेच्या भिंतीवर महाभारत, खाली कैलास हलवणारा रावण, तिन्ही बाजूंनी कड्यात कोरलेल्या ओसऱ्या. हे सोडून नंदीच्या मंडपापाशी सेल्फी.

लेणी पश्चिमाभिमुख आहेत, हे टूरवाल्यांना कोणी सांगेल का? सकाळी ती कड्याच्या सावलीत असतात, दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. दहाव्या लेण्याच्या, सुतार झोपडीच्या, आतल्या कमानी आणि बुद्ध बघायचे तर दुपारीच. तरी बस पोचते सकाळी दहाला आणि बाराला निघते. जैन लेणी, 30 ते 34, कैलासापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर. तिथे चालत जायला 'वेळ नाही'. त्यांतल्या इंद्रसभा लेण्याच्या छतावर अजून रंग आहेत, ते बघायला वेळ नाही, पण पैठणीच्या दुकानात पाऊण तास आहे. तिथे ड्रायव्हरलाही घाई नसते, का ते तुम्हीच ओळखा.

आणि घरी गेल्यावर हेच लोक सांगणार, "आहे ठीक, पण फार काही नाही. एका दिवसात होऊन जातं."