किरणोत्सव हा देवीचा पुरावा नव्हे

एका लेखात म्हटलंय की कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात तो सोहळा, हा देवी असल्याचा वैज्ञानिक पुरावा आहे. मी कोल्हापूरचाच, आईवर माझी श्रद्धा आहे, तरी हे पटत नाही. देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि जानेवारीअखेरीस सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर चढत मुखापर्यंत. हे ज्यांनी साधलं त्या कारागिरांपुढे हात जोडावेत! पण ढग आले किंवा वाटेतल्या इमारती आडव्या आल्या की किरणं मध्येच लुप्त होतात. मग त्या वर्षी देवी नाही म्हणायचं का? शुक्रवारी दर्शनाच्या रांगेत खण-नारळाची ओटी पदराखाली धरून उभी असलेली म्हातारी कधी पुरावा मागत नाही. लेकीचं बाळंतपण नीट होऊ दे, एवढंच तिचं मागणं. तिच्या श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला कशाला हवा? आणि विज्ञानालाही उगाच देवळात साक्षीला उभं करू नका. किरणांच्या वाटेतले अडथळे काढायची मागणी मात्र सगळ्यांनी मिळून लावून धरूया.