अर्धा भाडेकरू

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये घर घ्यायचं आणि बेसमेंट भाड्याने द्यायचं, हा इथल्या देशी माणसाच्या गृहस्थाश्रमाचा भागच आहे. वर आपण, खाली भाडेकरू, आणि हप्त्याचा मोठा घास त्याने उचलायचा. पॉटलकला इतक्या जणांनी हे गणित पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं, की घर जवळपास फुकटच आहे, फक्त माझी सही राहिलीय, असं मला वाटायला लागलं.

मॉर्गेज ब्रोकर, म्हणजे गृहकर्ज जुळवून देणारा, देवमाणूस, पण दर वाक्याला 'नो वरीज' म्हणायचा. अशा माणसांची मला फार काळजी वाटते. म्हणाला, "घर साडेआठ लाख डॉलरचं. पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के, वरच्या साडेतीन लाखांवर १०. डाउन पेमेंट झालं ६०,०००. २० टक्क्यांच्या आत भरताय, म्हणजे विमा आला. कर्जाच्या ४ टक्के."

३१,६०० डॉलर! एवढ्यात माझं अख्खं खानदान कव्हर होत असेल असा माझा समज. तर तसं नाही. मी हप्ते बुडवले तर भरपाई बँकेला. म्हणजे नालायकी माझी, प्रीमियमही माझा आणि लाभ बँकेचा. ही रक्कम कर्जात मिळवतात, पण तिच्यावरचा ऑन्टॅरिओ प्रांताचा ८ टक्के टॅक्स मात्र रोख मोजायचा. नो वरीज.

पुढे स्ट्रेस टेस्ट. बँक देणार त्या दरात २ टक्के मिळवायचे, बेरीज सव्वापाचच्या खाली आली तर सव्वापाच धरायचे, आणि तो हप्ता झेपतो का बघायचं. जे व्याज लागणारच नाही त्याच्या धास्तीने बायकोने नेटफ्लिक्स बंद केलं.

"पण १८०० डॉलर भाडं येणार ना!" मी हुकमाचा एक्का टाकला.

"ही बँक त्यातलं निम्मंच उत्पन्नात धरते."

खर्चात प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण धरतात, हीटिंग पूर्ण धरतात, गाडीचा हप्ता पूर्ण धरतात. भाडेकरू तेवढा अर्धा! पूर्ण धरणारी बँकही निघाली, पण तिला बेसमेंट 'लीगल' हवं होतं, म्हणजे शहराच्या दप्तरी नोंदलेलं. मग आग लागली तर निसटता येईल अशी खिडकी बघणं आलं: उघडी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरच्या आत नको. टेप लावला, माप बरोबर भरलं. तरी खात्री असावी म्हणून मी स्वतः त्यातून बाहेर पडायला गेलो. डोकं, खांदे बिनबोभाट गेले. पोटाशी येऊन काम थांबलं. शेजारच्या अंगणातली पंजाबी आजी काठी टेकत आली, नीट बघून घेतलं आणि "चाय पियोगे?" म्हणाली.

डाउन पेमेंटमध्ये थोडे पैसे कमी पडत होते, ते सांगलीहून बाबा पाठवणार होते. त्यासाठी बँकेला गिफ्ट लेटर हवं: ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही.

"बापाने पोराला पैसे दिले, त्याचा स्टँपपेपर?" बाबा कडाडले.

"स्टँपपेपर नाही हो बाबा, साधं पत्र."

"साधं म्हणजे तर आणखीच अपमान." आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. सही केली, तारीख टाकली, वर जावक क्रमांकही टाकला. तो कसला, असं ब्रोकरने विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "नो वरीज."

कर्ज मंजूर झालं. आता उन्हाळ्यात आईबाबा येतायत. म्हटलं, "बाबा, बेसमेंट अजून द्यायचंय, तुम्ही खाली ऐसपैस राहा."

"भाडं किती येतं म्हणालास?"

"अठराशे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. साठाने गुणणं चाललं असणार.

"लाखाच्या वर? महिन्याला? अरे, तिथे भाडेकरू घाल. आम्ही हॉलमध्ये पथारी टाकतो."